मासे मेले, गवे आले, मगर दिसली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी खानापूर, बेळगाव आणि चिकोडी तालुक्यांतून जास्त पत्रे आली. लिहिणारे बहुतेक जण स्वतः हात घालून काम करणारे आहेत: तरुण मंडळे, स्त्रीशक्ती संघ, शाळा, नदीकाठचे शेतकरी. उत्तरे देताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली आहे. बिघाड दिसतो एकीकडे आणि सुरू झालेला असतो दुसरीकडेच. तो कुठून सुरू झाला हे आधी शोधावे, मग फावडे हातात घ्यावे.

प्रश्न: वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्रभेच्या डोहात मासे मरून वर आले. आम्ही पाण्याच्या बाटलीत नमुना भरून ठेवला आणि चार दिवसांनी तपासायला नेला. यातून काही कळणार नाही, असे उत्तर मिळाले. पुन्हा असे झाले तर काय करावे? (तरुण मंडळ, खानापूर तालुका)

उत्तर: तुम्हाला मिळालेले उत्तर बरोबर आहे. चार दिवस घरात ठेवलेले पाणी नदीतले राहत नाही. त्यातले जंतू बाटलीतच सेंद्रिय घाण खातात, प्राणवायू संपवतात आणि आकडे बदलून जातात.

आधी डोळ्यांनी तपासा. कुठले मासे मेले आणि कुठले जगले हे पाहिले की अर्धे उत्तर मिळते. मरळ आणि मागूर पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. बाकीचे मासे मेले आणि हे जिवंत असले, तर पाण्यातला प्राणवायू संपला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि आधी मोठे मासे मरतात. मरळही मेली, खेकडे आणि पाण्यातले किडेही मेले, मासे वेडेवाकडे गिरक्या घेत होते, लहान-मोठे एकदमच गेले, तर विषारी द्रव्याचा संशय घ्या. शेतातले कीटकनाशक किंवा मासे मारण्यासाठी मुद्दाम टाकलेली ब्लीचिंग पावडर ही नेहमीची कारणे.

पहिल्या पावसात प्राणवायू का संपतो? उन्हाळाभर गटारांत, ओढ्यांत, उकिरड्यांवर साचलेली घाण एका रात्रीत नदीत येते. डोहाच्या तळाचा काळा गाळही ढवळला जातो. ही घाण कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. एखाद्या कारखान्याने पावसाचा आडोसा घेऊन मळीचे पाणी सोडले तर परिणाम कैक पटींनी वाढतो. जंतूंना वाढायला वेळ लागतो, त्यामुळे घाण जिथे पडते तिथे मासे मरतीलच असे नाही. ते बऱ्याचदा काही किलोमीटर खाली, पाणी संथ होते त्या डोहात मरतात. म्हणून मेलेले मासे दिसले त्या जागेवरून वरच्या अंगाला चालत जा. शेवटचा मेलेला मासा जिथे सापडतो त्याच्याही वर, पहिला नाला किंवा पाइप मिळेपर्यंत जा. नमुना तीन ठिकाणचा हवा: नाल्याच्या वरचा, नाल्याच्या तोंडाचा आणि डोहातला. वरचा नमुना नसेल तर खालच्या आकड्याची तुलना कशाशीच करता येत नाही.

नमुना काठावरून घेऊ नका. प्रवाहाच्या मध्यावर, वीतभर ते फूटभर खोल बाटली बुडवा. सेंद्रिय घाण मोजण्यासाठी दोन लिटरची स्वच्छ बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. कीटकनाशकाचा संशय असेल तर प्लास्टिक नको, तपकिरी काचेची बाटली घ्या. मासा द्यायचा असेल तर कल्ले अजून गुलाबी-लाल असलेला द्या, फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. कुजलेल्या माशातून काहीच निघत नाही.

प्राणवायू मात्र नदीवरच 'बांधून' आणावा लागतो. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाकडून ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली आणि मँगेनस सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणे मागून घ्या. हातमोजे घाला, दुसरे द्रावण कातडी जाळते. बाटली बुडबुडा न राहू देता भरा. पिपेटचे टोक पाण्याखाली धरून आधी पहिले आणि मग दुसरे द्रावण, प्रत्येकी २ मिलिलिटर सोडा. बूच लावून बाटली दहा-पंधरा वेळा उलटसुलट करा. आता साका (पाण्यात तयार होऊन खाली बसणारा गाळ) पाहा. तो तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. दुधासारखा पांढराच राहिला तर त्या पाण्यात मासा जगणे शक्य नाही. वर्गातल्या मुलांनाही हा फरक लांबून दिसतो. पुढचे आम्ल घालून मोजण्याचे काम त्याच दिवशी प्रयोगशाळेत होऊ द्या. मासेमारीच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा निकष आहे. मोजणी पहाटे करा, कारण रात्रभर शेवाळेही प्राणवायू वापरते आणि सूर्योदयाआधी तो सर्वात कमी असतो. दुपारी मोजलेला आकडा फसवतो.

आता कायद्याचे. तुमचा नमुना इशारा म्हणून उपयोगी आहे, पुरावा म्हणून कोर्टात चालणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. त्यासाठी सांडपाणी सोडणाऱ्याला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील आणि सह्या असे सगळे सोपस्कार आहेत. म्हणून पहिला फोन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावातील प्रादेशिक कार्यालयाला करा, दुसरा मत्स्य खात्याला आणि तिसरा ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना). त्याच वेळी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. फोटोत वेळ आणि ठिकाण येईल असे मोबाइलचे सेटिंग आधीच करून ठेवा. मेलेले मासे कुणालाही खाऊ-विकू देऊ नका. पंचनामा झाल्यावर नदीपासून आणि विहिरींपासून दूर खड्डा काढून, चुना टाकून पुरा.

प्रश्न: बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी दरवर्षी काढतो. दोन पावसांत पुन्हा तेवढीच. भात पाण्याखाली जाते. औषध फवारावे का? (शेतकरी, येळ्ळूर)

उत्तर: फवारू नका. मेलेली जलपर्णी तिथेच कुजते, उरलासुरला प्राणवायू संपवते, आणि तुमच्या भाताला तेच पाणी मिळते.

जलपर्णी का वाढते हे आधी बघू. शहराचे न शुद्ध केलेले सांडपाणी म्हणजे नत्र आणि स्फुरद. हे खत मिळत राहिले आणि ऊन असले की तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. म्हणजे दहावा हिस्सा मागे राहिला तरी चार दुपटीत, दोन महिन्यांत, नाला पुन्हा भरतो. ९० टक्के काढले म्हणून समाधान मानायचे नाही. खरा प्रश्न मागे राहिलेल्या १० टक्क्यांचा असतो.

काढण्याची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. पाणी कमी असते आणि गठ्ठे उथळ जागी बसलेले असतात. फुले येण्याआधी काढा. तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. काम वरून खाली करा. खालून सुरुवात केली तर वरचे गठ्ठे वाहत येऊन साफ केलेली जागा पुन्हा भरतात. दोनशे-तीनशे मीटरचा एक टप्पा धरा आणि टप्प्याच्या खालच्या टोकाला बांबूंचा अडसर बांधा: चार-पाच बांबूंची मोळी, नायलॉनच्या दोराने दोन्ही काठांच्या खुंट्यांना. अडसर सरळ आडवा नको, प्रवाहाला तिरपा हवा. तिरपा असला की गठ्ठे आपोआप एका काठाला सरकतात आणि तिथून ओढता येतात. आडवा बांधला तर सगळे वजन मध्यावर येऊन दोर तुटतो. पाऊस सुरू होण्याआधी अडसर सोडायला विसरू नका, नाहीतर पूर तुमच्याच शेतात वळेल.

दाट गालिचा असेल तर एका गुंठ्यातून दोन ते चार टन ओला माल निघतो. ट्रॅक्टरच्या खेपांचा हिशेब त्यावरून करा. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणून लगेच भरू नका. काठावर तीन-चार दिवस सुकवला की वाहतुकीचा खर्च निम्म्याहून खाली येतो. पण ढीग काठावर ठेवून घरी गेलात तर सगळे फुकट. बहुतेक मोहिमा इथेच फसतात. पुराची रेषा जिथपर्यंत येते त्याच्याही पाच-सहा मीटर पलीकडे ढीग हवा. कंपोस्ट करायचे तर तुकडे करून उसाचे पाचट आणि शेण यांच्या थरांत घाला. मात्र जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते. नाल्याला कारखान्यांचे पाणी मिळत असेल तर हे कंपोस्ट भाजीला नको, बांधावरच्या झाडांना द्या.

जलपर्णी खाणारे भुंगेरे १९८०च्या दशकात बेंगळुरूकडच्या तळ्यांत सोडले होते. साचलेल्या पाण्यात त्यांचा उपयोग होतो. दर पावसाळ्यात धुऊन जाणाऱ्या नाल्यात त्यांची पैदास टिकत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. कायमचा उपाय सांडपाणी शुद्ध होण्यातच आहे. तोपर्यंत महापालिकेकडे गाळ उपसण्याची मागणी करताना 'नाला साफ करा' असे मोघम लिहू नका. कोणत्या पुलापासून कोणत्या पुलापर्यंत, किती खोल आणि मेच्या कोणत्या तारखेआधी, हे लिहा. पुलाच्या मोऱ्यांत अडकलेला गाळ आधी काढायला लावा. मोरी तुंबलेली असताना बाकीचा नाला उपसून पाणी हलत नाही.

प्रश्न: गल्लीतल्या प्लॅस्टरच्या मूर्ती विहिरीत किंवा तलावात न सोडता घरीच विरघळवता येतात असे ऐकले. प्रमाण काय? (महिला मंडळ, शहापूर)

उत्तर: येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत प्रचारात आणली. बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट लागतो, खाण्याचा सोडा नव्हे. इथेच बऱ्याच जणांची चूक होते. मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट आणि त्याच्या प्रत्येक किलोला पाच-सहा लिटर पाणी घ्या. २ किलोची मूर्ती असेल तर २ किलो पावडर आणि १० ते १२ लिटर पाणी. पाणी कमी पडले तर पावडर तळाशी न विरघळता बसते.

आधी कापड, माळा, मणी आणि सुटणारा रंग काढा. भांडे प्लास्टिकचे आणि मूर्ती पूर्ण बुडेल एवढे उंच असावे. ते गच्चीवर किंवा अंगणात ठेवा. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, आणि वायू निघत असल्यामुळे झाकण घट्ट लावायचे नाही. दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळा. लहान मूर्ती दोन-तीन दिवसांत विरते. पोकळ नसलेली जाड मूर्ती फोडून टाकली नाही तर आठवडाही लागतो, कारण वर चुन्याचा थर बसतो आणि आतपर्यंत द्रावण पोचत नाही. तळाशी उरतो तो पांढरा गाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वरचे पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट खत: एक किलो मूर्तीमागे सुमारे पाऊण किलो खत, त्यात साधारण १६० ग्रॅम नत्र. कुंडीला द्यायचे तर वीसपट पाणी मिसळा, नाहीतर मुळे जळतील. मूर्ती भडक रंगाची असेल तर हे पाणी भाजीपाल्याला देऊ नका, फुलझाडांना द्या.

हा सगळा उपाय मूर्ती आणल्यानंतरचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई करतात. तुमच्या मंडळाने मूर्तिकाराकडे शाडूची मागणी चैत्र-वैशाखातच नोंदवली तर पुढच्या वर्षी बायकार्बोनेटचा खर्चच उरणार नाही. मूर्तिकार माती आणि साचे त्या सुमारास घेतो. श्रावणात सांगून उपयोग नाही.

प्रश्न: कृष्णेवर आमच्या पाण्याच्या मोटारीजवळ मगर रोज ऊन खात बसते. बायका तिथेच कपडे धुतात. वनखात्याने तिला पकडून दूर सोडावे असा ठराव ग्रामसभेत करायचा आहे. योग्य होईल का? (ग्रामपंचायत सदस्य, चिकोडी तालुका)

उत्तर: भीती खरी आहे आणि बायकांची सुरक्षा पहिली. पण या ठरावाने ती साधत नाही. मगरीला जागेची ओळख पक्की असते. दूर सोडलेल्या मगरी परत येतात, आणि येता येता अनोळखी गावांच्या घाटांवरून जातात. शिवाय चांगली जागा मोकळी झाली की दुसरी मगर ती घेते. ठराव करायचाच तर घाटाचा करा.

मगर रक्त गरम ठेवू शकत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ती सकाळभर उन्हात पडून असते. बसलेली, दिसणारी मगर सहसा हल्ला करत नाही. धोका न दिसणाऱ्या मगरीचा. तीही बहुतेक वेळा पहाटे किंवा संध्याकाळी, कमरेइतक्या गढूळ पाण्यात, आणि त्याच वेळी त्याच जागी माणूस रोज येत असेल तर. सवय तीही पाहते. पाण्याच्या कडेला वाकलेला किंवा बसलेला माणूस तिला लहान जनावर वाटतो.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी काठाच्या वाळूत किंवा मातीत फूट-दीड फूट खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पिल्ले निघायला दोन महिने किंवा थोडे जास्त लागतात. तेवढे दिवस ती घरट्याजवळ राहते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. पिल्लांचा आवाज आला की स्वतः माती उकरून त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. त्या काळात त्या काठाचा वापर बंद ठेवा, एवढ्याने बरेच प्रसंग टळतात. वाळूउपशाने ऊन खायच्या जागा गेल्या की मगरी घाटांकडे आणि उसाच्या बांधांकडे सरकतात. तक्रार करायची तर आधी उपशाची करा.

घाटाला जाळीचे कुंपण घाला. श्रीलंकेत नदीकाठच्या गावांत असे आंघोळीचे कुंपण वापरतात. पाण्यात अर्धवर्तुळात लोखंडी पाइप रोवा, त्यांना जाड सळ्यांची चौकट वेल्ड करा. दोन सळ्यांत चार बोटांहून जास्त फट नको. वरची कड पाण्याच्या पातळीपेक्षा किमान मीटरभर उंच हवी आणि दोन्ही टोके काठावर चार-पाच फूट आत घेतलेली हवीत. टोक काठाशीच संपवले तर मगर जमिनीवरून वळसा घालून आत येते आणि कुंपणच सापळा होते. तळाशी दगडांची भर घाला, कारण प्रवाह पायथ्याची वाळू धुऊन नेतो आणि खालून फट पडते. दर आठवड्याला बांबूने तळ चाचपून पाहा. पूर ओसरल्यावर पुन्हा वापरण्याआधी आत मगर अडकलेली नाही ना, हे दिवसा उजेडी तपासा.

मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) साफ करायला एकट्याने पाण्यात उतरू नका. पाइपला कप्पी आणि दोर लावून व्हॉल्व्ह काठावर ओढता येईल अशी सोय करा. कोंबडीच्या दुकानांचा कचरा आणि मेलेली जनावरे नदीत टाकणे बंद करा, कारण त्यामुळे मगर घाटाजवळ येऊन राहते. पुरात मगर उसात किंवा घराजवळ आली तर गर्दी हटवा, कुत्री बांधा, पाण्याकडची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दोर टाकून पकडायला जाणारेच जखमी होतात.

प्रश्न: हत्ती आणि गवीरेडे भात-ऊस तुडवतात. सोलर कुंपण बसवले, पहिल्या वर्षी चालले, दुसऱ्या उन्हाळ्यात जनावरे सरळ आत. कंपनीवाला म्हणतो मशीन ठीक आहे. (शेतकरी, जांबोटी भाग)

उत्तर: मशीन खरेच ठीक असेल. आमच्या मते दोष अर्थिंगचा आहे. झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईकडे परत यावी लागते. तुमच्याकडची जमीन जांभ्याची. पावसात ती ओली असते तेव्हा मार्ग पूर्ण होतो. फेब्रुवारीनंतर वरचा थर कोरडाठाक पडतो आणि वर्तुळ तुटते. तारेत सहा-सात हजार व्होल्ट दिसतात, पण जनावराला नुसती चुणचुण.

दुरुस्ती अशी. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या सहा फुटी तीन सळया एकमेकींपासून तीन मीटरवर ठोका. जागा निवडताना विहिरीजवळची, वाफ्याची किंवा ओलीची निवडा, मशीन कुठेही असू दे. तिन्ही सळया एकाच जाड तारेने क्लॅम्प लावून जोडा. नुसती गुंडाळलेली तार गंजते. घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगला ही जोडू नका. जमीन फारच कोरडी असेल तर कुंपणातली एक आड एक तार अर्थिंगला जोडा. मग जनावराने दोन तारांना एकदम स्पर्श केला की जमिनीशिवायच वर्तुळ पूर्ण होते.

तपासणी अशी करा. अर्थिंगच्या सळयांपासून किमान शंभर मीटर दूर दोन-तीन लोखंडी कांबी तारेला टेकवून जमिनीत रोवा, म्हणजे मुद्दाम शॉर्ट होईल. आता व्होल्टमीटरचे एक टोक अर्थिंगच्या सळईला आणि दुसरे मीटरभर लांब जमिनीत लावा. तीनशे व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग अपुरे आहे, आणखी सळया ठोका. कांबी काढल्यावर शेवटच्या टोकाला पाच हजारांहून जास्त व्होल्ट हवेत. चार हजारांखाली गेले तर त्याच दिवशी कारण शोधा. बहुतेक वेळा गवत टेकलेले असते, नाहीतर इन्सुलेटर तडकलेला. पावसाळ्यात तारेखालचे दोन फूट गवत दर पंधरा दिवसांनी काढावे लागते, आणि कुंपण किती टिकेल हे याच कामावर ठरते. बॅटरीतले डिस्टिल्ड वॉटर महिन्यातून एकदा पाहा, पॅनेलवरची धूळ आठवड्यातून एकदा पुसा.

गव्यांना आणि डुकरांना हे पुरते. हत्ती शहाणा. सुळ्यातून वीज जात नाही हे त्याला कळते. तो सुळ्याने तार तोडतो किंवा वाळलेले झाड खांबावर लोटतो. हत्तीच्या वाटेवर लोंबते कुंपण चांगले: चौदा-पंधरा फुटी खांब शेताच्या आतल्या बाजूला, वरून आडवी तार, आणि तिला हातभर अंतराने जमिनीपासून दीड-दोन फुटांवर संपणाऱ्या उभ्या तारा. ढकलायला खांब सापडत नाही आणि तार सुळ्याला नव्हे तर सोंडेला, तोंडाला लागते. संपूर्ण शिवाराला एकत्रच घाला. एकट्याने घातले तर हत्ती शेजाऱ्याकडे जातो, आणि शेजारी वाईट मार्गाला लागतो.

तो वाईट मार्ग म्हणजे हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन थेट तारेत सोडणे. सोलरचा झटका सेकंदाला एखादा, मिलिसेकंदाचाही भाग टिकणारा असतो. जनावर मागे सरकते आणि सुटते. थेट लाइन सतत वाहते, स्नायू आखडतात, पकडलेले सुटत नाही. रात्री पाणी पाजायला गेलेला शेजारी, त्याची मुले, गुरे यांना ती ओळखत नाही. हत्ती मेला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. आम्ही हे कळकळीने सांगतो: करू नका, आणि कुणी करत असेल तर गप्प बसू नका.

नुकसान झाले तर तुडवलेले पीक उचलण्याआधी फोटो काढा, पायाचा ठसा आणि बाजूला माप म्हणून विळा ठेवून. उतारा, आधार, बँक पासबुकाच्या प्रती घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या आणि ई-परिहार या भरपाईच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद झाल्याचा क्रमांक मागा. नंतर विचारपूस करताना तोच क्रमांक सांगावा लागतो.

प्रश्न: भीमगडातल्या बारापेडे गुहेत वटवाघळे पाहायला मुलांची सहल नेता येईल का? (शिक्षक, खानापूर)

उत्तर: नको. त्या गुहेतले राउटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१३ मध्ये इथूनच जगाला कळले, आणि पुढे अनेक दशके ते दुसरीकडे कुठे सापडत नव्हते. नंतर मेघालय आणि कंबोडियातही आढळले, तरी आपली वसाहत मोलाचीच आहे. बॅटरीच्या उजेडाने किंवा गलक्याने माद्या उडतात तेव्हा पिल्ले छतावरून खाली पडतात आणि पडलेले पिल्लू परत वर जात नाही. मशाल किंवा शेकोटी तर संहारच. २०११ मध्ये जाहीर झालेल्या या १९० चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाताही येत नाही. मुलांना शाळेजवळच्या वडावर किंवा जुन्या पुलाखाली संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळे मोजायला लावा: दोघादोघांच्या जोड्या, एक मोजणारा आणि एक लिहिणारा, पाच-पाच मिनिटांच्या नोंदी, महिन्यातून एकदा त्याच जागी. झाडाखाली उभे न राहता बाजूला, आकाशाकडे तोंड करून बसावे. खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये.

प्रश्न: नदीकाठी पावसाळ्यात पाचशे रोपे लावली, एकही राहिले नाही. (स्त्रीशक्ती संघ, नंदगडजवळ)

उत्तर: जुलैत काठाच्या उतारावर लावली असणार, आणि ऑगस्टच्या पुराने नेली. उताराचे तीन पट्टे करा. पाण्यालगत वाळा आणि लव्हाळा, मधल्या पट्ट्यात वाळुंज व निर्गुडीची छाटे, वरच्या सपाटीला अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. वरचा पट्टा जूनमध्ये लावा. खालचे दोन सप्टेंबरअखेर, पूर उतरल्यावर, ओल शिल्लक असताना. वाळ्याची जुडी वीतभर अंतराने, प्रवाहाच्या दिशेने नव्हे तर उताराला आडव्या ओळीत. वाळुंजाची छाटे अंगठ्याएवढी जाड, दोन हात लांब, त्यांतला दोन तृतीयांश भाग जमिनीत तिरका. ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर उभी राहते म्हणून लावू नका, तिच्या पाचोळ्याखाली दुसरे काही उगवत नाही.

आणि गुरांसाठी पाण्यापर्यंत जायची एक वाट ठरवून दगड टाकून पक्की करा, बाकीचा काठ काटेरी फांद्यांनी बंद. वाट दिली नाही तर गुराखी कुंपण मोडणारच, त्याचाही इलाज नसतो. पुढच्या वर्षी पाचशे नको, शंभर लावा आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येकाला आठवड्याला एक घागर पाणी कोण घालणार त्यांची नावे आधी वहीत लिहा.

प्रश्न: चढणीचे मासे पकडणे बेकायदा आहे का? आमचे आजोबाही पकडत. (वाचक, कणकुंबी)

उत्तर: सुरुंग किंवा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे. जाळे किंवा खोईन (मासे पकडायचा सापळा) लावण्याबाबत आपल्या भागात काय नियम आहेत ते मत्स्य खात्याकडून लेखी घ्या. पण कायद्याच्या पुढचे सांगतो. पहिल्या पुरात ओढ्याने वर चढणारी मादी अंड्यांनी भरलेली असते. आजोबांच्या काळी ओढ्याच्या एका कडेला खोईन असे आणि दुसरी कड मोकळी. आता अख्खा ओढा नायलॉनच्या जाळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद होतो आणि मोरीच्या तोंडाशी एकही मासा निसटत नाही. पहिल्या पुराचे आठ दिवस कुणीच काही लावू नये, नंतरही ओढ्याची निम्मी रुंदी मोकळी ठेवावी आणि जाळ्याचे घर दोन बोटे जाईल एवढे असावे, असे गावाने ठरवले तर पुढच्या साली मासा दिसेल. मोरीचे तोंड रस्त्याच्या कामात ओढ्याच्या तळापेक्षा उंच राहिले असेल तर तिथे दगडांचा चढ रचून द्या. एक हात उंचीची पायरीसुद्धा लहान माशांना चढता येत नाही, आणि मग ते सगळे तिथेच मोरीखाली गोळा होऊन पकडले जातात.